कांजिण्या आलेली मोठी, ठणठणीत दिसणारा धाकटा आणि शुक्रवारचं विमान

मी लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. "सिस्टर, मुलाला घेऊन प्रवास करू का?" हा प्रश्न सुट्ट्यांच्या आणि लग्नांच्या दिवसांत इतक्या वेळा येतो की एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय किंवा बदललंय. मुलांची नावं नाहीत, मोठी आणि धाकटा एवढंच.

पार्श्वभूमी

चार जणांचं कुटुंब. मोठी सहा वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. आईच्या सख्ख्या भावाचं लग्न, रविवारी. शुक्रवारी सकाळचं विमान आणि पुढच्या बुधवारी परत. तिकडे सगळे एकाच घरात उतरणार होते, आजी-आजोबा, मामा, आणि आईची धाकटी बहीण म्हणजे मुलांची मावशी, जी सतरा आठवड्यांची गरोदर होती.

लग्नाच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी आंघोळ घालताना आईला मोठीच्या छातीवर दोन-तीन लाल ठिपके दिसले. ताप नाही, खाणंपिणं नीट, खेळ चालू. घामोळं असेल नाहीतर काहीतरी चावलं असेल म्हणून सोडून दिलं. सोमवारी सकाळी पाठीवर आणि केसांच्या कडेला आणखी निघाले, त्यातल्या एकात पाणी धरल्यासारखं दिसलं म्हणून दवाखान्यात आले आणि डॉक्टरांनी बघताक्षणी कांजिण्या सांगितलं.

मोठीला कांजिण्यांची लस दिलेली होती, पण एकच डोस. दुसरा राहून गेला होता. एका डोसनंतरही काही मुलांना कांजिण्या होतात पण त्या सौम्य असतात, पन्नासपेक्षा कमी पुरळ, ताप नसल्यासारखाच, आणि बरेचसे ठिपके पाणी न धरता तसेच विरून जातात. ऐकायला बरंच वाटतं हे. पण याच सौम्यपणामुळे पुढे सगळ्यांचा गोंधळ झाला, कारण मूल आजारी दिसतच नव्हतं.

प्रश्न

आईने सोमवारी विचारलेला प्रश्न साधा होता, "शुक्रवारपर्यंत बरी होईल ना ही?" बरी होणं आणि संसर्ग थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रवासाचा निर्णय दुसरीवर घ्यायचा असतो. हे समजावायला मला नेहमी सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि लागला तरी चालेल असं मला वाटतं.

कांजिण्यांचा व्हायरस हवेतून पसरतो, शिवाय फोडातलं पाणी लागूनही. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असतं, आणि नेहमीच्या कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरवतं, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस. घरात ज्याला आधी कधी झालेल्या नाहीत आणि लसही नाही अशा दहा जणांपैकी नऊ जणांना लागू शकतात इतका हा आजार चिकट. लस घेतलेल्या आणि थोडेच पुरळ आलेल्या मुलाकडून पसरायचं प्रमाण लस न घेतलेल्या मुलाच्या साधारण एक तृतीयांश असतं. कमी आहे, शून्य नाही.

आता गंमत अशी की मोठीच्या बऱ्याच ठिपक्यांना पाणीच धरलं नव्हतं, मग खपली कुठून येणार? अशा मुलांसाठी नियम वेगळा लावतात, चोवीस तासांत एकही नवीन ठिपका आला नाही की संसर्गाचा काळ संपला असं धरतात. पण विमान कंपनीच्या माहितीत "सर्व फोडांवर खपली" असं लिहिलेलं आणि वर डॉक्टरांचं फिट टू फ्लाय सर्टिफिकेट मागितलेलं. म्हणजे डॉक्टरांनी बघायची गोष्ट एक आणि काउंटरवरच्या माणसाने बघायची गोष्ट दुसरी. हा मुद्दा सोमवारीच आईला सांगितला ते बरं झालं, नाहीतर शुक्रवारी पहाटे एअरपोर्टवर कळलं असतं.

मोजणी कशी ठेवली

डॉक्टरांनी सांगितलं की नवीन ठिपके येतायत की नाही यावर सगळं ठरेल, तर रोज बघा. आईने केलं ते मला फार आवडलं. रोज संध्याकाळी एकाच जागी, एकाच दिव्याखाली मोठीला उभं करून बॉलपेनने प्रत्येक ठिपक्याभोवती बारीक गोल काढायची आणि फोटो घ्यायची. दुसऱ्या दिवशी ज्याच्याभोवती गोल नाही तो नवीन. मोठीला गुदगुल्या व्हायच्या आणि ती स्वतःच आरशात बघून "इथे राहिला" म्हणून दाखवायची. केसांत, कानामागे, तोंडाच्या आत आणि चड्डीच्या भागात पण बघायला सांगितलं होतं कारण तिथले हमखास सुटतात.

सोमवारी बरेच नवीन, मंगळवारी तेवढेच, बुधवारी कमी. गुरुवारी दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी पाठीवर, खांद्याच्या खाली, दोन नवीन.

समोरचे पर्याय

बुधवारपर्यंत घरात फोनवर फोन झाले होते आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. पर्याय क्रमाने आले नाहीत, जसे सुचले तसे आले.

पहिला, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे जायचं. घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीने सुचवलं की पूर्ण बाह्यांचा ड्रेस घाला, तापाचं औषध देऊन बसवा, कोण बघतंय. हे आईने मला सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. विमानातली हवा फिल्टर होते हे खरं आहे, मोठ्या विमानांतले हेपा फिल्टर बारीक कण ९९.९७ टक्के अडवतात, पण फिल्टर लांब आणि शेजारचा माणूस हाताच्या अंतरावर. बोर्डिंगची रांग, बस, गेटवरची खुर्ची इथे तर तो फिल्टरही नाही. आणि त्या रांगेत कोण उभं आहे ते आपल्याला माहीत नसतं, केमो चालू असलेला माणूस असेल, नवजात बाळ असेल, गरोदर बाई असेल. त्यांना विचारून आपण जात नाही. शिवाय लपवून गेलं आणि जाताना नाही तर येताना अडवलं, तर आजारी मूल घेऊन परक्या गावात अडकायचं.

दुसरा, विमान सोडून स्वतःच्या गाडीने जायचं. बाबांना हा फार पटला होता. अनोळखी प्रवाशांचा प्रश्न यातून सुटतो हे बरोबर आहे. पण गाडी शेवटी त्याच घराच्या दारात थांबणार ज्यात मावशी राहते. प्रवासाचं साधन बदललं म्हणून मुक्कामाचा प्रश्न बदलत नाही. शिवाय खाजणारं मूल आणि आठ महिन्यांचं बाळ घेऊन लांबचा रस्ता.

तिसरा, आई आणि धाकट्याने विमानाने जायचं, बाबांनी मोठीला घेऊन घरी थांबायचं. बुधवारी दुपारपर्यंत घरात हेच नक्की झालं होतं. आजारी मूल घरी, निरोगी मूल लग्नाला, सगळ्यांना योग्य वाटत होतं.

चौथा, आईने एकटीने जायचं. हा कुणी उच्चारलाही नव्हता कारण बाळ आठ महिन्यांचं, अजून अंगावर पिणारं.

पाचवा, कुणीच जायचं नाही. सख्ख्या भावाचं लग्न आहे, त्यामुळे हा पर्याय फक्त नावाला होता.

निर्णय फिरला तो क्षण

बुधवारी संध्याकाळी आईने फोन केला तो वेगळ्याच कामासाठी, धाकट्याला विमानात कान दुखू नयेत म्हणून काय करू असं विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "मावशी त्याला बघायला इतकी आतुर आहे, तिचं पण पाचव्या महिन्यात आलंय ना." मी विचारलं, तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? आईला माहीत नव्हतं. आजीलाही नक्की आठवत नव्हतं, "मोठीला (म्हणजे मुलांच्या आईला) झालेल्या, धाकटीचं (मावशीचं) काही सांगता येत नाही."

मग डॉक्टरांनी आईला कॅलेंडर समोर घ्यायला लावलं. मोठीला पुरळ रविवारी दिसलं म्हणजे ती शुक्रवारपासून संसर्ग पसरवत होती. धाकटा त्या शुक्रवारपासून तिच्याच खोलीत, तिच्याच मांडीवर. त्याला लस नाही, ती एक वर्षानंतर देतात. आईकडून जन्माच्या वेळी मिळालेलं संरक्षण आठव्या महिन्यात कितपत उरलंय यावर भरवसा ठेवता येत नाही. कांजिण्या संपर्कानंतर दहा ते एकवीस दिवसांत दिसतात, बहुतेकदा चौदा ते सोळाव्या दिवशी, आणि पसरायला त्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सुरुवात होते. म्हणून संपर्कात आलेल्या माणसाला आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत जपून ठेवतात. त्या शुक्रवारपासून आठवा दिवस कुठला येतो? लग्नाच्या आदला शनिवार. परतीचं विमान बुधवारी. म्हणजे धाकट्याचा धोक्याचा काळ बरोब्बर त्याच घरात, मावशीच्या कडेवर सुरू होणार.

गरोदरपणात, पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या झाल्या तर बाळावर परिणाम होण्याची शक्यता शंभरात एक ते दोन असते. आकडा लहान वाटतो, पण परिणाम लहान नसतात, हातपाय, डोळे, मेंदू. शिवाय आईला स्वतःला न्यूमोनिया होण्याचा धोका. आणि गरोदर बाईला ही लस देता येत नाही कारण ती जिवंत विषाणूची लस आहे. संपर्क आल्यावर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन देता येतं, पण ते वेळेत द्यावं लागतं, आणि त्यासाठी संपर्क आला हे आधी कळावं लागतं. पुरळ यायच्या आधीच्या बाळाकडे बघून ते कळत नाही.

म्हणजे घरात जो "निरोगी" म्हणून लग्नाला निघाला होता, मावशीसाठी तोच मोठीइतका, किंबहुना जास्त धोक्याचा होता. आई फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मी एकटी."

आणखी एक वाट, जी सोडली

गुरुवारी बाबांनी विचारलं, की मोठीचे ठिपके थांबत आलेत तर आई आणि मोठी शनिवारी गेल्या तर? मी धाकट्याला सांभाळतो. हा विचार खरंच चांगला होता आणि डॉक्टरांनीही तो उडवून लावला नाही. शनिवारी सकाळी तपासून चोवीस तास नवीन काही नसेल तर वैद्यकीयदृष्ट्या हरकत नाही, असंच ते म्हणाले. पण अडचणी होत्या. गुरुवारी संध्याकाळचे ते दोन ठिपके, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. सर्टिफिकेट मिळालं तरी कंपनीच्या "खपली"च्या अटीत न बसणारी मुलगी काउंटरवर चालवून घेतली जाईल याची खात्री नाही. आणि शनिवारी सकाळी आणखी एक ठिपका दिसला तर आईचंही लग्न चुकणार. आईने शुक्रवारीच एकटीने जायचं ठरवलं.

मोठीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने बॅग स्वतः भरून दाराशी ठेवली होती, आणि तिला तर काहीच होत नव्हतं ना, ताप नाही, दुखत नाही. आईने तिला मावशीच्या पोटातल्या बाळाबद्दल सांगितलं. ती रडली, चिडली, मग म्हणाली, "पण धाकट्याला पण नाही ना नेणार?" नाही म्हटल्यावर जरा शांत झाली.

काय केलं

आईला स्वतःला लहानपणी कांजिण्या झालेल्या, कपाळावर खूण आहे. बाबांच्या आईला फोन करून विचारलं, बाबांना आणि त्यांच्या भावाला लहानपणी एकदमच झालेल्या. म्हणजे आई जाऊ शकते आणि बाबा मुलांजवळ राहू शकतात. ज्याला पूर्वी होऊन गेल्यात तो माणूस आजारी मुलाजवळ राहिला म्हणून सहसा पुढे कुणाला लागण देत नाही, आंघोळ करून धुतलेले कपडे घालून निघाली की पुरे. हे तिला दोनदा विचारावंसं वाटलं, बरोबरच आहे, समोर गरोदर बहीण होती.

धाकट्यासाठी दूध काढून ठेवायला बुधवार रात्रीपासूनच सुरुवात केली. तो वरचं खायला लागला होता त्यामुळे जमलं. आईने परतीचं तिकीट सोमवारवर आणलं. तिकडे असताना तीही दूध काढत राहिली, नाहीतर छाती दगडासारखी होते आणि ताप भरतो, ही गोष्ट पुरुष मंडळींच्या प्लॅनिंगमध्ये नसते म्हणून मुद्दाम लिहिलं.

मावशीने गुरुवारी स्वतःच्या डॉक्टरांना सांगून कांजिण्यांच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी करून घेतली. शाळेलाही कळवलं, कारण मोठी आधीच्या शुक्रवारी वर्गात बसली होती. वर्गातल्या एका मुलाची आई गरोदर निघाली आणि तिने तिच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. हे कळवणं लोक लाजेखातर टाळतात, मला ते कधीच पटलेलं नाही.

मोठीला तापासाठी लागलं तर पॅरासिटामॉल, बाकी नखं कापणं, गार पाण्याने पुसणं. कांजिण्यांमध्ये ॲस्पिरिन मुलांना अजिबात द्यायचं नसतं आणि आयबुप्रोफेनही टाळतात, हे बाबांना लिहूनच दिलं कारण एकटे असणार होते.

पुढे काय झालं

शुक्रवार, शनिवार मोठीला नवीन काही आलं नाही. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी ती मोकळी असल्याचं सांगितलं. म्हणजे काटेकोर बघितलं तर शनिवारचं विमान तिला कदाचित मिळालंही असतं.

मावशीचा रिपोर्ट शनिवारी आला. अँटीबॉडी होत्या. तिला कधीतरी होऊन गेल्या होत्या, कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं इतकंच.

धाकट्याला पुरळ आलं, मोठीच्या बरोब्बर दोन आठवड्यांनी, रविवारी. त्याला मोठीसारखं सौम्य नव्हतं, अंगभर, डोक्यात, तोंडात, ताप. घरातल्या दुसऱ्या मुलाला पहिल्यापेक्षा जोरात येतात हे आम्ही बऱ्याचदा बघतो, शिवाय त्याला लस नव्हती. कानाजवळचा एक फोड खाजवून चिघळला, अँटिबायोटिक द्यावं लागलं. सगळ्यावर खपल्या धरून मोकळा झाल्यावर चौघंही नव्या नवरा-नवरीला भेटायला गेले आणि मावशीने त्याला पोटभर कडेवर घेतलं.

आता हिशोब मांडला तर धाकटा ठरल्याप्रमाणे गेला असता तरी बुधवारी परत आला असता, आणि त्याचा संसर्गाचा काळ त्यानंतर शुक्रवार-शनिवारी सुरू झाला. मावशीला तसंही संरक्षण होतं. घरात हे बोललं गेलंच, "बघ, उगाच बाळाला सोडून गेलीस." आईने मला विचारलं, सिस्टर, चुकलं का माझं? मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. बुधवारी रात्री रिपोर्ट नव्हता आणि बाळाला दहाव्या दिवशी येणार की सोळाव्या हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दहाव्या दिवशी आलं असतं तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी पुरळ दिसलं असतं, म्हणजे शनिवार-रविवारी तो भर लग्नघरात ते पसरवत फिरला असता. तिला तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यात तिचा निर्णय पूर्ण बरोबर होता.

वेगळं काय करता आलं असतं

मावशीची रक्ततपासणी सोमवारीच झाली असती तर रिपोर्ट विमानाच्या आधी हातात आला असता. त्याने धाकट्याचा प्रश्न पूर्ण सुटला नसता, लग्नात आणखी कोण येणार हे कुठे माहीत होतं, पण सगळ्यात मोठी भीती गेली असती आणि आई-धाकट्याच्या पर्यायावर निदान शांतपणे बोलता आलं असतं. आपण कुणाच्या घरी उतरतोय, तिथे गरोदर कोण, तान्हं कोण, स्टेरॉइड किंवा केमो कुणाला चालू, हा प्रश्न पहिल्याच दिवशी यायला हवा होता, तो कानाच्या दुखण्याच्या फोनमध्ये योगायोगाने आला.

शनिवारचा पर्यायही उशिरा सुचला. सोमवारीच तिकीट बदलण्याची मुदत आणि कंपनीची नेमकी अट फोन करून विचारली असती, आणि लस घेतलेल्या मुलांच्या पुरळाला खपली धरतेच असं नाही हे डॉक्टरांच्या पत्रात लिहून आधीच पाठवलं असतं, तर मोठीला कदाचित लग्न मिळालं असतं. मला त्या दाराशी ठेवलेल्या बॅगेचं अजून वाईट वाटतं.

दुसरा डोस वेळेवर झाला असता तर बहुतेक हे प्रकरणच घडलं नसतं. प्रवास ठरला की तिकिटाबरोबर लसीचं कार्डही काढून बघा असं मी आता सगळ्यांना सांगते, आणि महिनाभर आधी बघा, आदल्या आठवड्यात नाही.

हे सगळं कांजिण्यांचं घड्याळ आहे, प्रत्येक आजाराचं वेगळं असतं. गोवरात पुरळ आल्यावर चार दिवस, गालगुंडात सूज आल्यावर पाच दिवस, डांग्या खोकल्यात योग्य अँटिबायोटिक सुरू केल्यावर पाच दिवस, उलट्या-जुलाबात शेवटच्या उलटीनंतर किंवा जुलाबानंतर अठ्ठेचाळीस तास. त्यामुळे शेजारच्या मुलाला तिसऱ्या दिवशी पाठवलं होतं म्हणून आपल्यालाही चालेल असं धरू नका, त्याला कदाचित दुसरंच काही झालं असेल.

आणि कागदाचं एक. तिकीट रद्द करणार असाल किंवा प्रवास विम्याचा दावा करणार असाल तर "प्रवासास अयोग्य" असं डॉक्टरांचं पत्र रद्द करायच्या आधीच्या तारखेचं घ्या, आणि भावंडामुळे रद्द होत असेल तर त्या भावंडाचं नाव, संपर्काची तारीख आणि कुठल्या तारखेपर्यंत धोका आहे हे त्याच पत्रात लिहून घ्या. या घरात मोठीच्या तिकिटाचं झटक्यात झालं. धाकट्याच्या वेळी "बाळ तर आजारी नाही" म्हणून अडवलं आणि डॉक्टरांकडून दुसरं पत्र आणावं लागलं.